इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन वाढतंय? घरात काय तपासायचं, काय बदलायचं

आईला इन्सुलिन सुरू झालं त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या सहा महिन्यांत तिचं वजन ५७ वरून ६३ वर गेलं आणि वर्ष भरता भरता ६७. ब्लाउज उसवून झाले, गुडघे दुखायला लागले. एक दिवस ती म्हणाली, "हे इंजेक्शन मला फुगवायलंय बघ. बंदच करून टाकू." मी तिची समजूत घातली आणि ती पटली असं धरून चालले.

पटलेली नव्हती, हे मला फ्रिजच्या दारातल्या इन्सुलिनच्या पेनवरून कळलं. तिला सकाळी १८ आणि संध्याकाळी १२ युनिट होते. सुई लावल्यावर दर वेळी तपासणीसाठी २ युनिट बाहेर सोडायचे, म्हणजे दिवसाला ३४. या हिशोबानं ३०० युनिटचं पेन नऊ दिवसांत संपायला हवं. आमचं पंधरा दिवस पुरत होतं. म्हणजे संध्याकाळचं इंजेक्शन ती घेतच नव्हती. वजन दोन किलो उतरलं म्हणून ती खुशीत होती, आणि उपाशीपोटीची शुगर होती २६०.

सांगलीत आमच्या ओळखीत इन्सुलिनवर असलेली पाच-सहा माणसं तरी आहेत, आणि वजनाची तक्रार बहुतेकांची आहे. डोस लपवून कमी करणारेही त्यात निघाले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डोस किती, गोळी कोणती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांच्या खोलीत आपल्याला दहा मिनिटं मिळतात आणि बाकीचा सगळा दिवस घरात जातो. त्या दिवसात काय बघायचं, ते इथे सांगते.

वजन वाढतं तरी कशानं?

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडायला लागतात. शुगर बरेच महिने २५०-३०० राहिलेल्या माणसाच्या लघवीतून दिवसाला ५० ते १०० ग्रॅम साखर जाऊ शकते. एका ग्रॅमचे चार उष्मांक धरले तर हे झाले २०० ते ४००. म्हणजे रोज एक मोठी भाकरी आपण खात होतो आणि ती अंगी न लागता वाहून जात होती. म्हणून तर मधुमेह कळायच्या आधी माणूस खातपीत असूनही वाळतो. इन्सुलिन सुरू झालं की ही गळती थांबते. जेवण तेवढंच राहतं, पण ते आता सगळं अंगी लागतं.

दुसरं असं की साठवण करणं हे इन्सुलिनचं कामच आहे. साखर पेशींत पोचवायची आणि चरबी वितळू द्यायची नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीर थोडं मीठ-पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे एखाददोन किलो पाण्याचेच असू शकतात. तिसरं कारण लो शुगरच्या भीतीनं होणारं खाणं. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान त्यानंच होतं, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

किती वाढ अपेक्षित धरायची? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९८ साली आले. त्यात दहा वर्षांत इन्सुलिन घेणाऱ्यांचं वजन नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा सरासरी चार किलोंनी जास्त वाढलं. त्याच अभ्यासात शुगर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळे, मूत्रपिंडं यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्यांचं प्रमाण एक चतुर्थांशानं कमी निघालं. आईला मी हे दोन्ही आकडे एकत्र सांगितले. चार किलोंचा वेगळा सांगितला असता तर तिनं सकाळचं इंजेक्शनही बंद केलं असतं.

डोस चोरण्याबद्दल एवढंच म्हणते: टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या प्रकारात, इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. टाइप २ मध्ये, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरत नाही त्या नेहमीच्या प्रकारात, तसं सहसा लगेच होत नाही. पण जे वजन उतरलेलं दिसतं ते साखर, पाणी आणि स्नायू यांचं असतं. त्यात कमावलेलं काहीच नसतं.

पहिली पायरी: वाढलेल्या वजनाची विभागणी करा

जुने कागद काढा. मधुमेह बिघडायच्या आधी तुमचं वजन किती होतं? आई चांगली असताना ६४ किलो होती. आजारपणात ५७ झाली. म्हणजे ५७ ते ६४ हे गेलेलं वजन परत आलं, आणि खरी वरची भर ६४ ते ६७, तीन किलोंची. हे कळलं तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. दहा किलो उतरवायचे म्हटलं की माणूस हात टेकतो, तीन म्हटलं की कामाला लागतो.

आता मोजमाप. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. रोज वजन करू नका, पाण्याच्या चढउतारानं जीव टांगणीला लागतो. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपनं पोट मोजा. आपल्याकडच्या माणसांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. वजन तेच राहून पोट दोन सेंटिमीटर उतरलं तरी ती चांगली खूण आहे.

दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले, बोट दाबलं की खळगा राहतो, आडवं झाल्यावर दम लागतो, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्याला चरबी समजून उपास करत बसू नका.

दुसरी पायरी: चौदा दिवसांची वही

साधी शाळेची वही घ्या आणि पाच रकाने आखा: वेळ, शुगर, इन्सुलिनचे युनिट, काय खाल्लं, कसं वाटलं. दोन आठवडे पुरे. रोज सात वेळा बोट टोचायची गरज नाही. एक दिवस उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना, अशी पाळी लावा. एकदोनदा पहाटे तीनलाही बघा. घामानं उठणं, वाईट स्वप्नं पडणं, सकाळी डोकं जड असणं ही रात्री शुगर उतरल्याची लक्षणं असू शकतात.

खाण्याच्या रकान्यात तोंडात गेलेलं सगळं यायला हवं. स्वयंपाक करताना चाखलेलं, नातवाच्या ताटात उरलेलं, शेजारणीनं दिलेला प्रसाद, सगळं. या वहीवर घरातल्या कुणी बोलायचं नाही, ही अट पहिल्याच दिवशी घाला. बोललात की खोटं लिहिलं जाईल.

तिसरी पायरी: लो शुगरची भीती

आईच्या वहीत चौथ्या दिवशी दुपारी साडेचारला लिहिलं होतं: "थरथर. दोन पेढे, बिस्किटं, चहा." शुगरचा रकाना रिकामा. सहाव्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही. साताऱ्याहून कुणी येताना कंदी पेढे आणतं. ते आम्ही खायला देत नव्हतो, पण "लो झालं तर असू देत" म्हणून स्टीलच्या डब्यात तिच्या उशाशीच ठेवले होते. तो डबा आठवड्यात रिकामा व्हायचा.

नवव्या दिवशी थरथर सुरू झाल्याबरोबर मी तिचं बोट टोचलं. शुगर होती १३८.

याचं कारण डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं २८०-३०० ची सवय झालेल्या शरीराला १४० सुद्धा कमी वाटतं. घाम, धडधड, थरथर सगळं खरंखुरं होतं, पण शुगर लो नसते. शुगर नीट राहायला लागली की काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. मधल्या काळात दर वेळी खात राहिलं तर जुळवून घेणं लांबतं आणि वजन वाढत जातं.

म्हणून नियम असा ठेवा. लक्षण जाणवलं की आधी मीटर. ७० च्या खाली असेल तर उपचार लगेच. १०० च्या वर असेल तर बसा, पाणी प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. मधल्या आकड्यावर जेवण जवळ असेल तर जेवण थोडं आधी घ्या. वेळ असेल किंवा लक्षणं वाढत असतील तर थोडं काहीतरी खाऊन घ्या. मीटर हाताशी नसेल तर मात्र विचार करत बसू नका, लो धरूनच उपचार करा. वजनापेक्षा जीव महत्त्वाचा.

उपचार म्हणजे काय, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. तीन छोटे चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून प्यायची. ही झाली साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा. वर आली आणि जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर एखादी पोळी किंवा कपभर दूध. अवघड असतात ती मधली पंधरा मिनिटं. जीव घाबरलेला असतो, हात डब्याकडे जातो, आणि १५ ग्रॅमच्या जागी ६०-७० ग्रॅम पोटात जातात. मग तासाभरानं शुगर २५० दिसते, कुणीतरी डोस वाढवतं, आणि वाढलेल्या डोसानं पुन्हा लो होते. हे चक्र आमच्या घरी चार महिने चाललं.

पेढा यासाठी कामाचा नाही. त्यातल्या दुधाच्या स्निग्धतेमुळे साखर सावकाश रक्तात जाते, आणि एका मध्यम पेढ्यात शंभराच्या आसपास उष्मांक असतात. चॉकलेटचंही तेच. आता उशाशी साखरेच्या पुड्या आहेत, प्रत्येकीत तीन चमचे मोजून. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. मग मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर ठेवा. डब्यावर फक्त ग्लुकोज लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

खरी लो शुगर आठवड्यातून दोनदा येत असेल तर खाणं वाढवणं हा उपाय नव्हे. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, डोस जास्त होतोय का? इन्सुलिनला पुरवायला म्हणून खात राहणं हेच वजनाचं मूळ असतं. "दर दोन तासांनी खा" हा सल्लाही पुन्हा एकदा तपासून घ्या. काही जुन्या प्रकारच्या इन्सुलिनना मधलं खाणं लागतं, दिवसातून एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला बहुधा लागत नाही. तुमच्या इन्सुलिनला लागतं का, हे नाव सांगून विचारा.

चौथी पायरी: पोटावरून हात फिरवा

आंघोळीच्या वेळी साबण लावलेल्या बोटांनी इंजेक्शनच्या जागा हलक्या हातानं चाचपा. आईच्या बेंबीच्या डाव्या बाजूला दोन उंचवटे होते, लिंबाएवढे, रबरासारखे. दोन वर्षं ती तिथेच टोचत होती, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही हेच गाठीचं लक्षण. त्या चरबीच्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धवट शोषलं जातं, कधी एकदम. शुगर वरखाली होते, डोस चढत जातो, मधूनच लो होते आणि पुन्हा खाणं.

गाठीत टोचणं थांबवा, पण त्याआधी डॉक्टरांना फोन करा. चांगल्या जागेतून इन्सुलिन पूर्ण शोषलं जाईल आणि जुनाच डोस जास्त ठरेल. बऱ्याचदा तो कमी करून द्यावा लागतो. पोटाचे चार भाग करा, एका आठवड्याला एक भाग, आणि दोन टोचण्यांत बोटभर अंतर. बेंबीभोवती दोन इंच सोडा. मांडीची बाहेरची बाजूही चालते. सुई दर वेळी नवी घ्या, चार मिलिमीटरची जाडजूड माणसालाही पुरते. दुधट दिसणारं ३०/७० (मिश्र) इन्सुलिन असेल तर पेन तळहातात दहा वेळा फिरवा, दहा वेळा खालीवर करा. हलवलं नाही तर रोजचा डोस वेगळाच पडतो. बाटली-सिरिंज वापरणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट की १००) आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय ना ते बघा. ४० ची बाटली तर सिरिंजही ४० चीच. ही चूक अडीचपटीची पडते.

पाचवी पायरी: ताट

इथे एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. सकाळ-संध्याकाळ ठरावीक युनिट घेणाऱ्या माणसानं उत्साहाच्या भरात तीन भाकऱ्यांची एक केली तर शुगर झपकन खाली येईल. खाणं कमी करायचं तर डोसही त्याबरोबर उतरायला हवा. डॉक्टरांना सांगून पंधरवड्यात अर्धी भाकरी कमी, एवढ्याच बेतानं चला.

आपल्या भागात ज्वारीची भाकरी म्हणजे मधुमेहाला मोकळीक, असं धरलं जातं. शाळूची भाकरी चांगलीच आहे, पण पीठ मोजा. शंभर ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट आणि साडेतीनशेच्या आतबाहेर उष्मांक असतात. आमच्या घरची भाकरी तोलली तेव्हा एकीला ८० ग्रॅम पीठ लागत होतं. दोन भाकऱ्या आणि वर भात, असं दोन वेळा. आता भाकरी ५० ग्रॅम पिठाची होते, तव्यावर लहान दिसते, पण ताटात दोनच पडतात त्यामुळे मनाला कमी वाटत नाही. भात आणि भाकरी एका जेवणात नाही. आधी काकडी-कांदा-मेथी, मग उसळ किंवा वरण, भाकरी शेवटी. या क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. आईच्या बाबतीत दोन तासांनंतरच्या आकड्यात आम्हाला तो फरक दिसला.

उसळ, डाळ, अंडं, ताक, दही यांचं प्रमाण वाढवा. त्यानं पोट टिकतं आणि स्नायू सांभाळले जातात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र विचारूनच.

वहीत आमची खरी चोरी सापडली ती इथल्या खास गोष्टींत. भडंग: चुरमुरे हलके, पण त्यातलं तेल आणि शेंगदाणे हलके नाहीत. तासगावचे बेदाणे: मूठभर म्हणजे ३० ग्रॅम, त्यात चार-पाच चमचे साखरेएवढी साखर, आणि ते "फळच की" म्हणून येताजाता तोंडात जातात. भाजीत आणि आमटीत दाण्याचा कूट: ३० ग्रॅमला १७० उष्मांक. गूळ साखरेहून हलका नाही, सेंद्रिय असला तरी. उसाच्या रसाच्या एका ग्लासात सहा चमच्यांहून जास्त साखर असते. तेलाचा हिशोब चमच्यानं जमत नाही, म्हणून महिन्याला किती पाकिटं येतात ते बघा. माणशी अर्धा लिटर पुरायला हवं.

सगळं बंद केलं तर चालणार नाही. आई भडंग खाते, वाटीभर, वाटीत काढून. डबा मांडीवर घेऊन नाही.

उपासाचं लक्षात ठेवा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे पिष्टाचा डोंगर, आणि नवरात्रात नुसत्या फळांवर राहून तोच डोस घेतला तर लो ठरलेली. उपास करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा.

चालणं, आणि ताकद

आठवड्याला १५० मिनिटं चालणं ही नेहमीची शिफारस. आम्ही आमराईत सकाळी जायचो, पण आईला फरक दिसला तो जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चालण्यानं, गल्लीतच, दोन्ही वेळा. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा. स्नायू वाढले की तेवढ्याच इन्सुलिनमध्ये जास्त काम होतं. चालण्याआधी शुगर १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन निघा, खिशात साखरेची पुडी ठेवा. शेतात राबणाऱ्यांनी भरणीच्या, तोडणीच्या दिवसांचा डोस वेगळा विचारून ठेवावा. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी चालू नका.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

वही, जुनं-नवं वजन, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी आणि सगळ्या औषधांची पाकिटं घेऊन जा. मग विचारा: मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे का, नसेल तर का नाही? इन्सुलिनसोबत ती असली की वजन कमी वाढतं. ग्लिमेपिराइड किंवा पायोग्लिटाझोन या गोळ्या अजून लागतात का? दोन्हींनी वजन वाढू शकतं, आणि इन्सुलिनबरोबर पायोग्लिटाझोननं सूज येऊ शकते. लघवीतून साखर काढणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मला चालतील का? टाइप २ मध्ये त्यांनी वजन थोडं उतरतं, पण लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब, उपास, ऑपरेशन अशा वेळी त्या थांबवाव्या लागतात. भूक कमी करणारी लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं माझ्यासाठी आहेत का, आणि खर्च किती? रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वजनाच्या किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे गेलं असेल, म्हणजे ६० किलोला ३० च्या वर, तर नुसता डोस चढवण्याऐवजी दुसरं काही जोडता येईल का? थायरॉइड तपासलंय का? सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या औषधात स्टिरॉइड आहे का?

हे सगळं एका भेटीत होणार नाही. आम्ही चिठ्ठीवर तीन-तीन प्रश्न लिहून नेले.

वजन उतरायला लागल्यावर

महिन्याला एक किलो उतरलं तरी पुष्कळ. आईला अडीच किलो उतरवायला सात महिने लागले, आज ती ६४.५ आहे आणि संध्याकाळचं इंजेक्शन माझ्यासमोर घेते. पण हाच काळ जपण्याचा आहे. वजन उतरतं, खाणं मोजकं होतं, गाठी टाळल्या जातात, तशी इन्सुलिनची गरज कमी होते. महिन्यापूर्वी बरोबर असलेला डोस आता जास्त होतो. या दिवसांत शुगर थोडी अधिक वेळा बघा. एकदाही ७० च्या खाली गेली किंवा लागोपाठ तीन सकाळी ९० च्या आत दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात फोन करा. आकडे वहीतून वाचून दाखवा आणि नवा डोस फोन ठेवायच्या आधी तिथेच लिहून घ्या.